दहा बाय बाराची खोली आणि एक घडीचे टेबल

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी कविता दिल्या. मला कविता करता येत नाही. मला येते ते थोडेसे सुतारकाम, आणि तेही गेल्या वर्षभरात गरजेपोटी शिकलेले. तेव्हा त्याच विषयावर चार शब्द लिहावेत असे ठरवले. कला शाखेच्या विद्यार्थिनीने बिजागऱ्या आणि स्क्रू यांवर लेख लिहावा याचे प्राध्यापकांना कदाचित नवल वाटेल. परंतु ज्या टेबलावर बसून मी यंदा अर्थशास्त्राच्या टिपणी काढल्या, त्याच टेबलाची ही हकिकत आहे. म्हणून तिचा अभ्यासाशी संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

आमच्या घरात महाविद्यालयात शिकणारी मी पहिलीच. भोसरीजवळ भाड्याच्या एका खोलीत आम्ही पाच माणसे राहतो : आजी, वडील, आई, नववीत शिकणारा भाऊ आणि मी. वडील एका लहान कारखान्यात प्रेस मशीनवर आहेत. प्रथम वर्षाच्या परीक्षेत माझे गुण बरेच घसरले. 'अभ्यास केला नाही' असे कुणी म्हटले नाही, पण 'कुठे बसून करतेस?' असेही कुणी विचारले नाही. मांडीवर उशी, उशीवर वही, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी ओलांडून जाणार, अशी माझी बैठक होती. ग्रंथालय संध्याकाळी बंद होते; त्यापुढचे तास मला घरातच शोधायचे होते. त्या शोधात जे कळले ते क्रमाने सांगते.

खोलीचा हिशेब

प्रथम मी टेप घेऊन खोली मोजली. दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे १२० चौरस फूट. मग प्रत्येक वस्तू किती जमीन व्यापते ते लिहिले. आजीची खाट ६ बाय ३, म्हणजे १८. लोखंडी कपाट ३ बाय दीड, म्हणजे साडेचार. स्वयंपाकाचा ओटा ५ बाय २, म्हणजे १०. मोरी ३ बाय ३, म्हणजे ९. फ्रिज २ बाय २, म्हणजे ४. एकूण साडेपंचेचाळीस. दार आत उघडते. तीन फुटांचे दार फिरताना पाव वर्तुळ व्यापते, त्याचे सुमारे ७. झाले साडेबावन्न. उरली साडेसदुसष्ट चौरस फूट जमीन.

आता झोपणे. आजी खाटेवर, बाकी चौघे खाली. एका अंथरुणाला ६ बाय अडीच म्हणजे १५ चौरस फूट धरले तरी चौघांचे ६० होतात. म्हणजे रात्री आमच्या घरात साडेसात चौरस फूट जमीन मोकळी राहते. बाजारातले साधे टेबल ३ बाय २ चे, आणि त्यापुढे खुर्ची व माणूस यांना तेवढीच जागा. एकंदर १२ चौरस फूट. टेबल बसत नाही हे इतके दिवस नुसते म्हणत होतो, ते आता आकड्यांनी सिद्ध झाले.

पण त्याच कागदाकडे पाहता पाहता दुसरी गोष्ट लक्षात आली. दिवसा अंथरुणे गुंडाळली की तीच खोली साडेसदुसष्ट चौरस फूट मोकळी असते. म्हणजे आमच्याकडे जागा कमी आहे हे खरे, पण ती काही तासच अगदी कमी असते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण खर्चाच्या बाबतीत वापरतो. ती लहान घरात शब्दशः घ्यावी, आणि अंथरूण किती लांब आहे याबरोबरच ते किती वाजता घातले जाते हेही पाहावे.

आपल्या परिसराची गोष्ट

हा केवळ आमच्या खोलीचा प्रश्न नाही. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून माणसे कामासाठी येऊ लागली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. कामगारांना घरासाठी जागा मिळावी म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. ते २०२१ मध्ये विलीन होऊन संपुष्टात आले, तरी निगडीच्या भागाला लोक अजून 'प्राधिकरण'च म्हणतात. पुढे मोटारींचे मोठे कारखाने चाकणकडे गेले. तेथे महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत शेतकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. एकेका खोलीत चार-पाच मुले राहतात आणि एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा झोपतो.

स्वतःचे घर मिळाले तरी जागेचा प्रश्न संपत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घराचे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत ठरवलेले होते. फुटांत ते सुमारे ३२३ चौरस फूट होते. आमच्या खोलीच्या मानाने हे पुष्कळच, परंतु तेथेही सामान विचार न करता आणले तर माणसांनी कुठे वावरायचे हा प्रश्न उरतोच.

भिंतीच कपाट होत्या

मी मोजमाप करत असताना आजी खाटेवरून पाहत होती. ती म्हणाली, "आमच्या माळवदाच्या घरात भिंतीच कपाटं होती गं. टेबल-बिबल कशाला लागतंय?"

आजीच्या बोलण्यात पुष्कळ तथ्य आहे. बीड जिल्ह्यातील आमच्या गावच्या घराच्या भिंती दोन फुटांहून जाड. त्या जाडीतच कोनाडा कोरलेला, त्यात दिवा. त्याच जाडीत फडताळ; त्यात भांडी आणि डबे. भिंतीला खुंट्या, आढ्याला शिंके, कोपऱ्यात उतरंड, आणि कपड्यांसाठी वरच्यावर टांगलेली वलणी. पाट जेवायच्या वेळी मांडायचा आणि जेवण झाले की भिंतीला उभा करून ठेवायचा. या सर्व वस्तूंमध्ये एक गुण समान आहे : त्या जमीन अडवत नाहीत. काही भिंतीच्या पोटात आहेत, काही वर टांगलेल्या आहेत, काही एकावर एक रचलेल्या आहेत, आणि काही काम झाले की उचलल्या जातात.

शहरातल्या खोलीची भिंत चार किंवा सहा इंचांची. तिच्या पोटात कोनाडा मावत नाही. म्हणून जे भिंतीत होते ते कपाट होऊन जमिनीवर आले. सामान वाढले म्हणून जागा कमी पडते असे आपण समजतो. भिंती पातळ झाल्या हेही त्याचे एक कारण आहे, हे मला आजीमुळे कळले. तेव्हा लहान घरासाठी सामान करताना कोनाडा, खुंटी, उतरंड आणि पाट यांपैकी कोणता गुण घेता येईल, असे आधी स्वतःला विचारावे.

मधला बाक आणि घड्याळ

घडीचे सामान म्हटले की आपल्याला परदेशातील चित्रे आठवतात. वास्तविक त्याचा उत्तम नमुना आपण सर्वांनी वापरला आहे. तो म्हणजे रेल्वेच्या शयनयान डब्यातील मधला बाक. दिवसा तो खालच्या बाकाची पाठ असतो आणि रात्री एका माणसाचा बिछाना होतो. परंतु नुसत्या बिजागरी-साखळीने तो चालत नाही. रात्री १० ते सकाळी ६ एवढाच वेळ तो उघडायचा असा रेल्वेचा नियम आहे. हा नियम नसता तर खालच्या बाकावरील प्रवासी आणि मधल्या बाकावरील प्रवासी यांचे रोज भांडण झाले असते. घडीच्या वस्तूला बिजागरी जेवढी लागते तेवढेच वेळापत्रक लागते, हे मी त्यावरून शिकले.

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १९२६ मध्ये कामगारांच्या घरांसाठी एक लहान स्वयंपाकघर आखले गेले. ते आखणाऱ्या बाईंचे नाव मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की. त्या ऑस्ट्रियाच्या वास्तुरचनाकार होत्या. रेल्वेच्या भोजनयानातील चिंचोळे स्वयंपाकघर त्यांच्यासमोर नमुना म्हणून होते. कोणत्या कामाला किती वेळ लागतो आणि किती पावले चालावी लागतात याचा त्यांनी आधी अभ्यास केला आणि मगच कपाटे कुठे असावीत ते ठरवले. सुमारे सव्वासहा फूट रुंद व अकरा फूट लांब अशा त्या जागेत भिंतीला लागून मिटणारी इस्त्रीची फळीसुद्धा होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसवली गेली.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात घड्याळ असेच घरात शिरले होते. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. गिरणीच्या पाळ्या चालू असत, तशा अशा खोल्यांतून झोपायच्याही पाळ्या चालत. चाकणच्या खोल्यांत आज तेच दिसते. फरक इतकाच की गिरणीकामगारांची ती पाळी नाइलाजाने झाली होती. मला ती विचारपूर्वक आखून पाहायची होती.

पहिला प्रयत्न फसला

'आधी केले मग सांगितले' या न्यायाने माझी चूक आधी सांगणे योग्य होईल. पहिले टेबल मी भिंतीला लावले. तीन फूट लांब व २० इंच रुंद अशी फळी, आणि तिला खालून आठ-आठ इंच उंचीचे मिटणारे दोन ब्रॅकेट. भिंतीत भोके पाडून प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि त्यांत स्क्रू पिळले. तीन दिवस ते छान चालले. चौथ्या दिवशी भाऊ कडेवर कोपर टेकून उभा राहिला आणि टेबल गिलाव्यासकट खाली आले. घरमालकांचे बोलणे ऐकावे लागले आणि गिलाव्याचे पैसेही भरावे लागले.

माझा मामा चाकणला मशीनचे भाग भरण्यासाठी लाकडी खोकी बनवणाऱ्या एका ठिकाणी कामाला आहे. तो रविवारी आला, भिंत पाहिली आणि म्हणाला, "स्क्रू भिंतीत नव्हताच गं. नुसता गिलाव्यात होता."

"पण मामा, त्यानं जास्त वजन टाकलंच नव्हतं," मी म्हणाले.

"वजन किती ते नको बघू. भिंतीपासून किती लांब टाकलं ते बघ."

मग शाळेत शिकलेला तरफेचा नियम आठवला. भाऊ कडेवर २० किलोचा भार देत होता असे धरू. कड भिंतीपासून २० इंच लांब. ब्रॅकेट आठ इंच उंच. २० गुणिले २० म्हणजे ४००, त्याला आठाने भागले की ५०. म्हणजे २० किलोच्या भाराने वरचे स्क्रू ५० किलोच्या जोराने भिंतीबाहेर ओढले जात होते. दोन ब्रॅकेटमध्ये वाटले तरी प्रत्येकी २५ किलो, आणि धरायला केवळ अर्ध्या इंचाचा गिलावा. यावरून दोन नियम निघतात. एक, ब्रॅकेट जितके उंच तितका स्क्रूवरचा ताण कमी. दुसरा, कडेला पाय दिला की भार जमिनीवर जातो आणि भिंतीला ओढ बसतच नाही. भाड्याच्या खोलीत दुसराच नियम पाळावा. भिंत आपली नसते.

लाकडाची निवड

मामाच्या सांगण्यावरून सांगाड्यासाठी मोडक्या खोक्याचे पाइनचे लाकूड विकत आणले. आपल्या पट्ट्यात हे लाकूड पुष्कळ मिळते, पण ते पारखून घ्यावे लागते. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या खोक्यांवर व पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये यासाठी २००२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा तो शिक्का. त्यावर 'एचटी' अशी अक्षरे असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानाला निदान ३० मिनिटे तापवलेले असते. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. घरात, विशेषतः झोपायच्या खोलीत, 'एचटी'चेच लाकूड आणावे. तेलाचे डाग पडलेले किंवा वास येणारे लाकूडही घेऊ नये. खिळे एकूणएक उपटावेत. एक खिळा राहिला तरी रंध्याची धार जाते.

पाइन मऊ असते. टोकाजवळ सरळ स्क्रू पिळला तर ते चिरते, म्हणून आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून घ्यावे. टेबलाच्या फळीसाठी मात्र प्लायवूड घ्यावे, कारण ते सपाट राहते. प्लायचा पूर्ण पत्रा ८ बाय ४ फुटांचा असतो. आपल्याला त्यातला ३ फूट बाय २० इंच एवढाच तुकडा लागतो, आणि असे उरलेले तुकडे दुकानदार स्वस्तात देतात. जाडी १८ मिलिमीटर. दर चौरस फुटाला साधारण एक किलो वजन भरते, म्हणजे आपली फळी पाच किलोंच्या आसपास. आजीलाही उचलता येते. प्लायवर 'एमआर' असे असेल तर ते दमट हवा सोसते, पण ओले राहिलेले सोसत नाही. मोरी किंवा ओटा जवळ असेल तर 'बीडब्ल्यूआर' प्रतीचे घ्यावे.

बांधणी

नवी योजना अशी ठरली : भिंतीला न लावता जमिनीवर उभी राहणारी अरुंद मांडणी करायची, आणि तिच्यातच टेबल मिटवायचे.

मांडणी ५ फूट उंच, ३ फूट लांब, आणि पुढून मागे १० इंच. दोन इंच चौरस जाडीचे चार उभे खांब आणि चार फळ्या. यांतील एका फळीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून बरोबर २८ इंचांवर ठेवायचा. हा आकडा कुठून आला? आजीची खाट १७ इंच उंच आहे. बसायच्या जागेपासून टेबल ११ इंचांच्या सुमारास उंच असले की खांदे न उचलता लिहिता येते. १७ आणि ११ मिळून २८. खाटच बैठक झाल्यामुळे खुर्चीची गरज राहिली नाही. आपल्या घरी दुसऱ्या उंचीची बैठक असेल तर हीच बेरीज करून आकडा काढावा. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याला १० ते १२ इंच उंची पुरते.

चौकट जोडल्यावर ती काटकोनात आहे की नाही हे केवळ गुण्या लावून पाहू नये. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही कर्ण टेपने मोजावेत; ते सारखे असले तर चौकट खरी. पाठीमागे एक पट्टी तिरपी ठोकावी. चौकोन डावीकडे-उजवीकडे कलतो, त्रिकोण कलत नाही. या एका पट्टीने मांडणीचे हलणे थांबले.

२८ इंचांवरच्या फळीच्या पुढच्या कडेला लांब, अखंड बिजागरी लावायची. कारागीर तिला पियानो बिजागरी म्हणतात. तिला प्लायची फळी जोडायची. मिटलेली असताना ती खाली लोंबते आणि जमिनीपासून आठ इंच वर राहते, म्हणजे झाडू फिरतो. उघडली की आतली १० इंच आणि बाहेरची २० इंच मिळून ३० इंच रुंद टेबल तयार होते.

आता पाय. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात फाटकासारखे फिरणारे पाय असलेली टेबले प्रचारात होती. तीच युक्ती मामाने केली. एक इंच जाडीच्या पट्ट्यांची १४ इंच रुंद अशी दोन लहान फाटके बनवली आणि ती पुढच्या दोन खांबांना आतून बिजागऱ्यांनी लावली. मिटल्यावर दोन्ही फाटके आतल्या बाजूला शेजारी-शेजारी बसतात, कारण खांबांमध्ये ३२ इंच जागा आहे आणि दोन्ही मिळून २८ इंच होतात. उघडल्यावर ती पुढे येऊन फळीला दोन्ही बाजूंनी आधार देतात आणि मधे गुडघ्यांना जागा मोकळी राहते. फाटकाची उंची २८ इंचांतून फळीची जाडी वजा करून ठेवावी, म्हणजे सव्वासत्तावीस. तेवढे करूनही आमच्या फरशीला उतार असल्यामुळे एका पायाखाली पाचर द्यावी लागली.

मांडणी अरुंद आणि उंच असल्यामुळे पुढे कलंडण्याचा धोका असतो. जड पुस्तके व डबे खालच्या फळीवर ठेवावेत आणि वरचे टोक खिडकीच्या गजाला तारेने पक्के बांधावे. लहान मूल असलेल्या घरात यात हयगय करू नये.

शेवटी दिवा. रात्री मोठा दिवा लावला की चार माणसांची झोप मोडते. म्हणून टेबलावरच्या फळीच्या खालच्या बाजूला पाच वॉटचा लहान एलईडी दिवा बसवला आणि पुढे दोन इंचांची आडवी पट्टी लावली. उजेड वहीवरच पडतो. प्लायचा तुकडा, बिजागऱ्या, स्क्रू, फेविकॉल, पॉलिश पेपर, दिवा आणि खोक्याचे लाकूड मिळून सर्व खर्च १४०० रुपयांच्या आत झाला. मामाने मजुरी घेतली नाही. दोन रविवारी पुरणपोळी मात्र दोनदा खाल्ली.

जमिनीची पाळी

मांडणी जमिनीची अडीच चौरस फूट जागा कायम व्यापते. उघडलेली फळी आणखी पाच. एकूण साडेसात! रात्री उरणारी जागा नेमकी तेवढीच. हिशेब जुळला म्हणून मी फार खूश झाले. मग मामाने खडू आणून प्रत्येक अंथरूण व टेबल खऱ्या मापाने फरशीवर आखायला लावले, तेव्हा कळले की उघडलेली फळी बरोबर मोरीच्या वाटेत येते. कागदावरची जागा तुकड्यातुकड्यांत असते. माणसाला ती सलग लागते. लाकूड कापण्याआधी खडूने आखून पाहावे, ही या लेखातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सूचना आहे.

म्हणून आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागे टेबलाचे वेळापत्रक लिहिले. पहाटे साडेचार ते सहा फळी उघडी. तो वेळ माझा. सहा ते नऊ मिटलेली, कारण पाणी, आंघोळी आणि डबे. संध्याकाळी पाच ते सात भावाची. सात ते नऊ पुन्हा मिटलेली, कारण स्वयंपाक आणि जेवण. नऊ ते साडेदहा माझी. तेव्हा आजी भिंतीकडे तोंड करून झोपलेली असते आणि मी खाटेच्या पायथ्याशी बसते. वडिलांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, म्हणून अशी तीन वेळापत्रके करावी लागली.

अकरा ते चार हे तास मी रिकामे सोडले होते, कारण सकाळचे महाविद्यालय करून मी दुपारी ग्रंथालयात असते. वेळापत्रक भिंतीला लावले तेव्हा आईने ते वाचले आणि विचारले, "हे मधले तास कुणाचे?"

मला उत्तर देता आले नाही. आई घरी रबरी भागांचे काम घेते. साच्यातून निघालेल्या भागांच्या कडेचे फाजील रबर ब्लेडने कापून द्यायचे. अनेक वर्षे ती हे काम जमिनीवर वाकून करत आली आहे. रात्री पाठीला तेल मी चोळून देते. आणि तरीही टेबलाचा विचार करताना मला माझी परीक्षाच आठवली, तिची पाठ आठवली नाही. खोलीतली प्रत्येक वस्तू मी मोजली होती, पण त्या खोलीत सर्वांत जास्त तास कोण असते हे मोजले नव्हते. आता ते पाच तास आईचे आहेत. फळीवर ब्लेडचे ओरखडे पडतात म्हणून तिने वर जुना रबरी पत्रा अंथरला आहे. माझ्या वहीला अधूनमधून रबराचा वास येतो. त्याची मला सवय झाली आहे.

टेबलाखेरीज आणखी एक काम केले. खाटेखालची जागा ६ फूट बाय ३ फूट बाय १७ इंच, म्हणजे साडेपंचवीस घनफूट. तेथे उरलेल्या लाकडाच्या चाके लावलेल्या दोन पेट्या केल्या. चौघांची अंथरुणे दिवसा त्यांत जातात. पूर्वी ती कपाटावर रचलेली असत आणि काढताना रोज कुणाच्या तरी डोक्यावर पडत.

समारोप

एका घडीच्या टेबलाने घर मोठे होत नाही, हे मला ठाऊक आहे. पाच माणसांना १२० चौरस फूट पुरेसे आहेत असेही माझे म्हणणे नाही. ते पुरेसे नाहीत. कामगारांच्या वस्त्यांत मोठी घरे व्हावीत, ही मागणी राहिलीच पाहिजे. परंतु ती पूर्ण होईपर्यंत परीक्षा थांबत नाहीत आणि आईचे कामही थांबत नाही. तोपर्यंत आहे ती जमीन घरातल्या कोणाला किती तास मिळते, हे तरी न्यायाने वाटता येते. सामान हे त्या वाटपाचे साधन आहे. म्हणून ते विकत घेण्याआधी किंवा बनवण्याआधी तीन गोष्टी कराव्यात : खोली मोजावी, खडूने आखावे, आणि घरातील प्रत्येकाला, विशेषतः जो काही मागत नाही त्याला, 'तुला ही जागा किती वाजता लागते?' असे विचारावे.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारख्याच खोल्यांतून येणारे पुष्कळ विद्यार्थी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला मांडणीची मापे किंवा फाटकाची आकृती हवी असेल तर मी आनंदाने काढून देईन. एखाद्या घरी जरी अशी एक फळी उभी राहिली आणि तिच्यावर दोघांना आळीपाळीने बसता आले, तरी या लेखनाचे सार्थक झाले असे मी समजेन.